गिटारच्या अँपवर बास वाजवायचा झाला तर: तयारीची यादी

नव्या बँडमध्ये बासवाला, म्हणजे बास गिटार वाजवणारा, सगळ्यात शेवटी येतो आणि त्याचा अँप बहुतेक वेळा येतच नाही. सरावाच्या खोलीत दोन गिटारवाल्यांचे दोन अँप असतात, गाणाऱ्यासाठी एक स्पीकर असतो, आणि नवीन मेंबरला सांगितलं जातं, "यातच घाल रे, काय होतंय!" आवाज बेताचा ठेवला तर खरंच काही होत नाही. नाही ठेवला तर स्पीकर जातो. अँपमधल्या सर्किटला बास आणि गिटार यांत फारसा फरक कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही सिग्नलच. मार खातो तो पुढचा कागदी कोन आणि त्याला चिकटलेली तारेची कॉइल. पुढची सगळी यादी त्या दोघांना जपण्यासाठी आहे.

कारण आधी समजून घ्या, म्हणजे नॉब का फिरवायचे ते पाठ करावं लागणार नाही. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, चार तारांच्या बासची जाड तार ४१ वर, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. पाच तारांचा बास असेल तर खालचा बी ३१ हर्ट्झच्या आसपास. स्वर एक सप्तक खाली नेऊन तेवढाच जोर हवा असेल, तर कोनाला पुढेमागे चौपट हलावं लागतं. गिटारचा स्पीकर बनवणाऱ्याने साधारण ७०-८० हर्ट्झच्या खालचा विचारच केलेला नसतो. त्याने कोन हलका आणि कडेची घडी ताठ ठेवलेली असते, कारण गिटारला ती खरखरीत, चटकन उत्तर देणारी चव त्यातूनच मिळते. अशा स्पीकरची कॉइल जेमतेम एखादा मिलिमीटर नीट सरकते. बासच्या स्पीकरला त्याच्या कितीतरी पट जागा दिलेली असते.

म्हणून स्पीकरवर छापलेले वॅट बघून निर्धास्त होऊ नका. ६० वॅट लिहिलंय आणि आपण २० च वापरतोय, हा हिशेब इथे लागू पडत नाही. तो आकडा मुख्यतः कॉइल किती तापली तर चालेल याचा आहे. खर्जात कॉइल तापायच्या कितीतरी आधी तिची सरकायची जागा संपते. गंमत म्हणजे ही चूक छोट्या अँपवर जास्त होते, कारण छोटा अँप पुरेसा दणका देत नाही म्हणून लोक तो पिळत राहतात.

आता प्रत्यक्ष तयारी. आधी अँप कुणाचा आहे ते बघा आणि उसना असेल तर मालकाला स्पष्ट सांगा की यात बास घालणार आहे. गिटारवाले आपल्या स्पीकरबाबत हळवे असतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. मग अँप फिरवून त्याची पाठ बघा. पाठ उघडी असेल, म्हणजे मागून स्पीकरचं लोहचुंबक दिसत असेल, तर जास्त सांभाळून. बंद पेटीत कोंडलेली हवा कोनाला मागून थोडा आधार देते. उघड्या पेटीत तो आधार नाही. शिवाय मागून निघालेला खर्ज पुढच्या खर्जाला खोडून काढतो, त्यामुळे आवाज कमी येतो आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. बंद पाठीचा १२ इंची स्पीकर असेल तर बेताच्या आवाजात सराव नीट निभतो. सहा-आठ इंचाच्या सरावाच्या डब्यात फक्त खोलीपुरतं वाजवायचं.

नावावर जाऊ नका, हे एक मध्येच सांगतो. फेंडर कंपनीने १९५२ मध्ये बासमन नावाचा अँप खास बाससाठीच काढला होता. पण पुढे चार १० इंची स्पीकरवाल्या बासमनच्या प्रेमात पडले ते गिटारवाले, आणि मार्शल कंपनीचा पहिला अँप १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच सर्किटवरून उभा राहिला. आज कुणाकडे त्या जुन्या घडणीचा उघड्या पाठीचा बासमन दिसला तर तो गिटारचाच अँप समजा. उलटं मात्र बिनधास्त चालतं: बासच्या अँपमध्ये गिटार घातली तर आवाज जरा बोथट येईल, बाकी काही बिघडत नाही.

मग बासकडे वळा. मागे बॅटरीचा कप्पा असेल तर बास ॲक्टिव्ह आहे, आत ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटं सर्किट आहे. त्याचा सिग्नल बहुधा साध्या बासपेक्षा जोरकस असतो आणि त्यावरच्या बेसच्या नॉबने खर्ज आणखी फुगवता येतो. तो नॉब मध्यावरच्या खाचेत ठेवा, त्यापुढे अजिबात नेऊ नका. अँपला दोन इनपुट असतील तर कमी संवेदनशील असलेल्यात, म्हणजे बऱ्याच अँपवर २ आकडा किंवा 'लो' लिहिलेल्यात घाला. सराव संपला की केबल बासमधून उपसून ठेवा, नाहीतर बॅटरी रात्रभर चालू राहते.

विजेची बाब थोडक्यात, पण टाळू नका. अँपचा प्लग तीन पिनांचाच हवा आणि वरची जाड पिन, अर्थिंगची, शाबूत हवी. मंडळाच्या मांडवात किंवा जुन्या वाड्यात दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून ती पिन मोडलेली मी भरपूर पाहिली आहे. गिटारच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि तुमचे ओठ समोरच्या मायक्रोफोनला लागतात. दोन उपकरणांचं अर्थिंग वेगळं पडलं तर मधली वायर म्हणजे तुम्ही. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते नेहमीचं आहे. मुंग्या आल्या किंवा चटका बसला तर तिथेच थांबा, आधी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाससाठी इथे एक वेगळी अडचणही आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि बासच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. त्यामुळे खराब अर्थिंगची गुणगुण गिटारवाल्यापेक्षा बासवाल्याच्या स्वरात जास्त मिसळते आणि तारा बेसूर आहेत असं वाटून माणूस खुंट्या पिळत बसतो. ट्यूनर लावून खात्री करा.

हेड (अँपचा सर्किटवाला डबा) आणि स्पीकरची पेटी वेगवेगळे असतील तर त्या दोघांमध्ये स्पीकरचीच केबल लावा. गिटारची केबल दिसायला सारखी असते पण तिची आतली तार बारीक असते. अँप ट्यूबचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो सुरू करायचा नाही, आणि मागे लिहिलेले ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) पेटीशी जुळायला हवेत. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला, चांदीच्या कागदाची जुगाडं नकोत. ट्यूब अँप बंद केल्यावरही आत घातक व्होल्टेज साठून राहतं, तेव्हा कुतूहल म्हणून पाठ उघडायची नाही.

आता नॉब. क्लीन चॅनल निवडा, गेन कमी, डिस्टॉर्शन आणि रिव्हर्ब बंद, व्हॉल्यूम शून्य. बेस शून्यावर किंवा फार तर घड्याळाच्या नऊवर. मिड बारापर्यंत किंवा थोडा पुढे, ट्रेबल मध्यावर. बासवाल्यांना हे उलटं वाटतं, पण इथे कान आपल्याला मदत करतो. बासच्या ४१ हर्ट्झच्या स्वरासोबत ८२, १२३, १६४ अशा वरच्या लहरीही वाजत असतात, आणि त्या ऐकू आल्या की तळाचा स्वर मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणून खर्ज कापला तरी ओळ कोणती चालली आहे ते स्पष्ट कळतं. उलट गिटारांच्या गदारोळात मिड वाढवलेला बास जास्त उठून दिसतो. सगळा खर्ज ठासून भरला तर नुसता घुमारा येतो आणि नेमका स्वर हरवतो.

पेडल असेल तर खर्ज अँपच्या आधीच कापा, हे सगळ्यात पक्कं काम. हायपास फिल्टर (ठरावीक स्वराखालचा खर्ज अडवणारा) ६०-८० हर्ट्झवर लावला की निम्मी काळजी मिटते. तो नसेल तर ग्राफिक इक्वलायझर चालेल. बॉस कंपनीच्या गिटारसाठीच्या जीई-७ वर सगळ्यात खालची पट्टी १०० हर्ट्झची आहे, ती खाली ओढली की बराच भार हलका होतो. कंप्रेसर असेल तर लावा, कारण एकदम आलेला जोराचा फटका तो दाबतो. ऑक्टेव्ह पेडल मात्र घरीच ठेवा. आधीच एक सप्तक खाली असलेल्या वाद्याला आणखी खाली नेणं म्हणजे स्पीकरचा छळ आहे.

पहिले सूर वाजवताना घाई करू नका. जाड तार उघडी, म्हणजे कुठेही न दाबता, बोटाने हलके छेडा आणि व्हॉल्यूम अगदी हळू वाढवत न्या. शक्य असेल तर जाळीतून टॉर्च मारून कोनाकडे बघा. कोन थरथरताना दिसला तर हरकत नाही. हलताना ठळक दिसायला लागला की मागे या. स्लॅप करू नका. अंगठ्याच्या एका फटक्यात सरासरीच्या कितीतरी पट उसळी असते आणि स्पीकर त्या एका फटक्यातही जाऊ शकतो. पिक वापरायचा असेल तर ब्रिजजवळ (तारा खाली जिथे टेकतात तिथे) तळहात टेकवून.

मग कान उघडे ठेवा. स्वराच्या मागोमाग फडफड आली, म्हणजे ओला कागद हलवल्यासारखा आवाज, की कोन आपल्या मर्यादेला लागला: व्हॉल्यूम कमी. खाली 'टक' किंवा 'खट्ट' असा कोरडा ठोका ऐकू आला तर कॉइल मागच्या लोखंडावर आपटते आहे: वाजवणं ताबडतोब थांबवा. जळका, गोडसर वास म्हणजे कॉइलचा गोंद तापला, अँप बंद. कधी फडफड स्पीकरची नसून जाळीच्या सैल स्क्रूची किंवा वर ठेवलेल्या नाण्याची असते. हाताने दाबून बघा, दाबल्यावर थांबली तर स्पीकर निर्दोष.

ड्रमर आला की हा सगळा बेत मोडतो, आणि यावर माझं मत ठाम आहे: पूर्ण ड्रम सेटसमोर गिटारच्या अँपमधून बास वाजवू नका. ऐकू येणार नाही, मग कुणीतरी म्हणेल वाढव, आणि तिथेच स्पीकर जाईल. त्यापेक्षा डीआय बॉक्स (बासचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी पेटी) घेऊन बास थेट मिक्सरमध्ये द्या आणि मोठ्या स्पीकरमधून ऐका. खोलीत कीबोर्डचा अँप असेल तर तोही गिटारच्या अँपपेक्षा बरा, फक्त आवाज सांभाळून. घरी एकट्याने सराव असेल तर हेडफोन लावा. बहुतेक छोट्या अँपला तो जॅक असतो, आणि तो लावला की स्पीकर सहसा बंदच होतो, म्हणजे रात्री अकराला सोसायटीचाही प्रश्न नाही आणि कोनाचाही.

अँप परत करण्याआधी त्यात गिटार घालून हळू आवाजात दोन-चार स्वर वाजवून ऐका, मालकासमोर ऐकलेत तर उत्तमच. शंका असेल तर सगळं बंद करून, जाळी काढता येत असेल तर, कोन चारही बोटांनी सारखा दाब देऊन हळूच आत ढकला. बिनआवाज सरकला तर ठीक. घासल्याचा खरखर आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे. तसा स्पीकर टाकून देऊ नका, कोन आणि कॉइल बदलून मिळते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा. बदलून घेताना ओहम पूर्वीचेच ठेवायला सांगा: ८ च्या जागी ८.