फोन रोख घ्यावा की मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर? हिशेब असा मांडावा

फोनची जाहिरात वाचताना नजर मासिक हप्त्यावरच खिळते. परंतु खर्चाचा मोठा भाग अनेकदा प्लॅनमध्ये दडलेला असतो. म्हणून संपूर्ण मुदतीत खिशातून एकूण किती रक्कम जाणार, हे प्रथम कागदावर मांडावे.

समजा, फोनची किंमत ३६,००० आहे, मुदत ३६ महिन्यांची आहे आणि दरमहा १,००० चा हप्ता कंपनी तेवढ्याच सवलतीने बिलातून वजा करते. फोन फुकट मिळाल्यासारखा वाटतो. मात्र ही सवलत मिळवण्यासाठी नेहमीच्या प्लॅनपेक्षा दरमहा १,१०० ने महाग प्लॅन घ्यावा लागत असेल, तर मुदतीअखेर ३९,६०० जादा गेलेले असतात, म्हणजे रोख किमतीहूनही अधिक. चौदाव्या महिन्यानंतर कंपनी बदलायची झाल्यास सवलत सहसा थांबते आणि उरलेले २२,००० एकरकमी भरावे लागतात. त्यामुळे ‘मुदतपूर्व करार संपवल्यास’ या शीर्षकाखालचा मजकूर सही करण्यापूर्वी शब्दन्‌शब्द वाचावा. तोच महाग प्लॅन आपण एरवीही घेतला असता, तर मात्र हा सौदा खरोखरच फायद्याचा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

यानंतर सिम लॉकची, म्हणजे फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालण्याच्या बंधनाची, चौकशी करावी. हप्ते आणि लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून मोबाइल कंपन्यांना नवे फोन अनलॉक्डच, म्हणजे असे लॉक नसलेले, द्यावे लागतात, तरीही तेथे फोन हप्त्यांवर मिळतातच. उलट, काही उत्पादक अनलॉक्ड फोनही बिनव्याजी हप्त्यांवर देतात. हातात रोख रक्कम नसेल, तर माझ्या मते हा पर्याय सर्वांत आधी तपासावा.

अनलॉक्ड फोन घ्यायचा ठरल्यास त्याचा नेमका मॉडेल क्रमांक घेऊन तो आपल्या कंपनीच्या फ्रिक्वेन्सी बँडवर (ती वापरत असलेल्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर) आणि व्होल्टीवर (४जी नेटवर्कवरून होणाऱ्या कॉलवर) चालतो का, हे विचारून घ्यावे, कारण एकाच नावाच्या फोनची निरनिराळ्या देशांतील मॉडेले वेगळी असू शकतात. वापरलेला फोन असेल, तर *#०६# डायल करून दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तपासून घ्यावा. आधीच्या मालकाने हप्ते थकवले असल्यास तो फोन पुढे नेटवर्कवरून बंद केला जाऊ शकतो.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या क्रमाने गेल्यास ‘कॅरिअर लॉक’ ही ओळ दिसते आणि तिच्यासमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे असेल, तर फोन मोकळा आहे. हप्त्यांवर घेतलेल्या फोनचे लॉक शेवटचा हप्ता फिटल्यावर आपोआप निघेलच असे नाही. तसा अर्ज कंपनीकडे करावा आणि दुसऱ्या कंपनीचे सिम घालून एक फोन लावून पाहावा.