फराळ सोडायचा नाही, फक्त डब्यातून खायचं नाही

"यंदा फराळ अगदी थोडाच खाणार" असं वसुबारसेला बोलणारे भाऊबीजेपर्यंत टिकत नाहीत, त्यामुळे बंदी वगैरे नकोच. खरा घोळ लाडू-करंजीत नाहीये, उभ्या उभ्या डब्यात हात घालण्यात आहे. टीव्ही बघता बघता चिवड्याचा डबा मांडीवर आला की किती पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे डबे डायनिंग टेबलवरून उचला आणि कपाटात ठेवा. खायचं तेव्हा डिशमध्ये काढायचं, झाकण लावायचं, डबा जागेवर ठेवायचा, मग बसून खायचं. वाटीभर चिवडा, एक चकली, एक लाडू, झाली डिश. परत घ्यायला परत उठायला लागतं आणि निम्म्या वेळा आपण उठत नाही!

नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की फराळ होतो, तो त्या दिवसाचा नाश्ता धरा. होतं काय, सहाला फराळ, नऊला परत पोहे नाहीतर उपमा, अकराला कुणीतरी आलं म्हणून त्यांच्यासोबत परत डिश, आणि दुपारी पुरी-श्रीखंड. यातलं मधलं सगळं गाळता येतं. दुपारी गोड असेल तर चारचा फराळ नको, आणि रात्री मुगाची खिचडी, ताक, काकडीची कोशिंबीर, बास.

आता करतानाचं. चिवड्याचे पातळ पोहे तळायचे नसतातच, उन्हात वाळवा नाहीतर मंद आचेवर हलक्या हाताने भाजा, म्हणजे तेल फक्त फोडणीपुरतं लागतं. डाळं आणि खोबऱ्याचे काप त्याच फोडणीत होतात, शेंगदाणे आधी कोरडे भाजून घ्या. चकलीचं मात्र तळणंच आहे, भाजलेली चकली मला तरी चकली वाटत नाही. तिथे तेलाकडे बघा. भाजणीची चिमूटभर गोळी टाकली की ती लगेच वर आली पाहिजे, ती तळाशी बसून राहिली तर तेल गार आहे आणि गार तेलात चकली तेल पिते. मोहन जास्त झालं तरी तेच, चकली कढईत विरते आणि तेलकट होते. बाहेर काढली की चाळणीत उभी ठेवा, तेल निथळतं. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, त्याच तेलात परत परत तळत बसू नका.

आणि हो, गुळाचे लाडू म्हणजे हेल्दी, हे डोक्यातून काढा. १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी, गुळात ३८०च्या आसपास, म्हणजे फरक नावालाच. चवीसाठी गूळ घाला, पण दोन लाडू जास्त खायला ते कारण नाही. घरात शुगरवाले कुणी असतील तर त्यांना गुळाचं म्हणून वेगळं ताट वाढू नका, त्यांच्यासाठी चिवडा आणि ताक बरं, तेही बेतानेच, आणि औषधाच्या वेळा मोडायच्या नाहीत.

लोकांच्या घरी गेलं की खरी परीक्षा. "काहीच घेतलं नाहीस!" म्हणून काकू ताटलीत परत करंजी टाकतातच. सरळ नाही म्हटलं की वाईट दिसतं, त्यापेक्षा "काकू, डब्यात द्या ना, घरी सगळे खातील" म्हणायचं, त्यांनाही बरं वाटतं. एका दिवसात चार घरं असतील तर दोन ठिकाणी नुसता चहा घ्या, तोही बिनसाखरेचा. नवराबायको गेलात तर एकच डिश मागा.

शेवटी संपवायचं कसं? ओल्या नारळाच्या करंज्या आधी उडवा, त्या फार टिकत नाहीत. शंकरपाळी, अनारसे, चकली घट्ट झाकणाच्या डब्यात राहतात, ती घाईघाईने संपवायची गरज नाही. तरी जास्त उरलंच तर पाकिटं करून ऑफिसला न्या, वॉचमनकाकांना द्या, कामवाल्या मावशींना द्या, पण चकली अजून कुरकुरीत आहे तोवर द्या, मऊ पडल्यावर नको.