इब्सेनपासून सुरुवात : स्कँडिनेव्हियन साहित्याच्या अभ्यासाची एक पद्धत

आधुनिक स्कँडिनेव्हियन साहित्य अभ्यासाला घेतले की बरेच विद्यार्थी आधी सिद्धान्तांची टिपणे काढतात आणि मग त्यांत बसतील असे उतारे शोधत राहतात. हा क्रम उलटा असावा. एक कलाकृती निवडून ती कोणत्याही सिद्धान्ताविना दोनदा वाचावी, मगच प्रश्न घेऊन तिच्याकडे परतावे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवले, तिथल्या वाचकाने नाटकापासून, म्हणजे नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’पासून (१८७९) आरंभ करणे सोयीचे.

रचनेकडे पाहताना दारे, टपालपेटी आणि तिची किल्ली यांवर खुणा कराव्यात. किल्ली नायिका नोराच्या नवऱ्याकडे असते, हे पुरेसे बोलके आहे. स्त्रीवादी वाचनात नोराने कर्जासाठी वडिलांची खोटी सही का केली, हे तपासताना नवऱ्याच्या संमतीविना पत्नीला कर्ज काढता येत नव्हते, ही कायद्याची बाजू विसरू नये. वर्गीय दृष्टीने मात्र दाई ॲन-मारीकडे वळावे: दुसऱ्याच्या घरी नोराला वाढवण्यासाठी तिला स्वतःचे मूल परक्यांच्या हाती द्यावे लागले होते.

आपल्याकडच्या अभ्यासकाला सर्वांत अधिक देणारी दृष्टी आस्वादाच्या इतिहासाची, म्हणजे कलाकृती कुठे कशी स्वीकारली गेली हे पाहण्याची आहे, असे मला वाटते. मूळ नाटकात नोरा शेवटी घर सोडून जाते; जर्मन रंगभूमीसाठी १८८० मध्ये इब्सेनने नाइलाजाने नोरा घरातच थांबते असा वेगळा शेवट लिहून दिला. मराठीत अनंत काणेकरांनी याच नाटकावरून ‘घरकुल’ (१९४१) केले, आणि त्याआधी १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने आणलेले वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावर आधारलेले होते. ही रूपांतरे जुन्या ग्रंथसंग्रहांतून मिळवावीत आणि मूळ प्रसंगांशेजारी ठेवून काय गळले, काय वाढवले, याची नोंद करावी. देवलांच्या ‘शारदे’शी तुलना करण्याचा मोह सांगलीकराला होणारच, तुलना जरूर करावी, पण पुराव्याविना प्रभावाचा दावा करू नये.

मनोविश्लेषणासाठी नॉर्वेजियन लेखक हामसुनची कादंबरी ‘हंगर’ (१८९०) सोयीची आहे, कदाचित जरा जास्तच सोयीची. त्यापेक्षा स्वीडिश लेखक स्ट्रिंडबर्गचे नाटक ‘मिस ज्युली’ (१८८८) घ्यावे, कारण प्रस्तावनेत लेखकानेच नायिकेच्या वर्तनाची संस्कार, स्वभाव, सणाची रात्र अशी अनेक कारणे दिली असल्याने एका कारणावर उभी केलेली मांडणी तिथे टिकत नाही. उत्तर-वसाहतवादी वाचनासाठी सामी (उत्तर स्कँडिनेव्हियातील मूळनिवासी समाज) कवी निल्स-आस्लाक वाल्केआपा पाहावा; १९९१ चा नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार त्याला मिळाला.

आपण बहुधा इंग्रजी अनुवाद वाचतो, म्हणून शैलीविषयी विधान करण्याआधी निदान दोन अनुवाद ताडून पाहावेत; योन फोस्सेसारख्या, पुनरुक्तीवर उभ्या असलेल्या नॉर्वेजियन लेखकाबाबत तर हे टाळूच नये. निबंधाला आरंभ दोन दृष्टिकोनांची उत्तरे जुळत नाहीत तिथून करावा: मुलांना मागे ठेवून नोरा मुक्त होते, पण त्यांचा सांभाळ पुन्हा ॲन-मारीवरच येतो.