सिगरेट महागली, आता सोडायची कशी? सांगलीच्या टपरीवरचं गणित

१ फेब्रुवारी २०२६ ला सिगरेटवरचा टॅक्स बदलला तेव्हापासून आमच्या विश्रामबागच्या टपरीवर रोज एकच विषय, सरकार लुटतंय, परवडत नाही राव, आता सोडलीच पाहिजे, आणि हे बोलणारा प्रत्येक जण बोलता बोलता दुसरी पेटवतोय. मी पण त्यातलाच. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब लिहितो, एकोणीस वर्षं दिवसाला आठ काड्या, सौदे जोरात असतील तर बारा. आता बंद आहे, चार महिने झाले. कशी बंद केली ते लिहितोय, आणि त्याच्या आधी काय काय गाढवपणा केला तेही लिहितो कारण तोच जास्त कामाचा आहे.

पहिलं डोक्यात घ्या, भाव वाढल्याचा झटका फार फार तर पंधरा दिवस टिकतो. पहिल्या आठवड्यात वीसची नोट देताना हात थांबतो, तिसऱ्या आठवड्यात थांबत नाही, नवा भाव हाच भाव होऊन जातो. म्हणून जे काय करायचं ते टोचतंय तोवर करायचं. ह्या वेळचा झटका गेला असेल तर पुढच्या वाढीला करा, वाढ येणारच आहे. डब्ल्यूएचओ म्हणतं की किमतीतला निदान ७५ टक्के भाग टॅक्स पाहिजे, आपण अजून तिथं पोचलेलो नाही.

आता पाकीट हातात घ्या आणि आपण पैसे नक्की कशाचे देतो ते बघा. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर भरपाई सेस होता. आता तो सेस गेला, जीएसटी ४० टक्के झाला, आणि शिवाय एक्साइज, हजार काड्यांमागं २,०५० पासून ८,५०० रुपयांपर्यंत. हा एक्साइज लांबीवर असतो, म्हणजे आमच्याकडं हळद बोटाच्या लांबीवर आणि जाडीवर बघतात तसं सरकार काडी मिलिमीटरमध्ये मोजतंय. ६५ मिमीच्या आतली फिल्टरवाली असेल तर हजाराला २,१००, आणि ७० ते ७५ मिमीवाली असेल तर ५,४००. समजा ही लांब काडी तुम्हाला २० रुपयाला पडते. एमआरपीत जीएसटी आतच धरलेला असतो म्हणून २० ला ४० नं गुणून १४० नं भागायचं, आले ५ रुपये ७१ पैसे. एक्साइज एका काडीचा ५ रुपये ४०. झाले ११ च्या वर, आणि आपत्ती निधीचा एनसीसीडी म्हणून आणखी एक कर असतो तो वेगळाच. म्हणजे २० मधले निम्म्याच्या वर दिल्ली-मुंबईच्या सरकारांना गेले, राहिलेल्यात कंपनी, डीलर आणि आपला टपरीवाला. हे गणित मी दुकानात कच्च्या पावतीच्या मागं करून चौघांना दाखवलं, दोघांना राग आला आणि रागात बाहेर जाऊन ओढून आले, एकानं मात्र पावती खिशात घातली.

नुसत्या टॅक्सच्या रागानं सुटत नाही हे मला तिथंच कळलं.

दुसरं काम वही. सात दिवस काही सोडायचं नाही, कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. किती वाजता, कुठं, कुणाबरोबर, किती रुपये. मोबाईलमध्ये नको, कागदावर, आणि तो कागद पाकिटाला रबर लावून त्यातच ठेवायचा, म्हणजे काडी काढायच्या आधी कागद हाताला लागतो. माझं निघालं ते असं, आठातल्या तीन चहाबरोबर, एक जेवल्यावर, एक सकाळी संडासला जायच्या आधी (हसू नका, तुमचीही असणार), दोन दुसऱ्या कुणीतरी "चल की" म्हणलं म्हणून, आणि खरोखर तलफ आली म्हणून ओढलेली फक्त एक. आठ गुणिले वीस १६० रुपये दिवसाला, वर्षाचे ५८,४००. तुम्ही तुमचा आकडा घाला. मी माणसांचे लाखाचे हिशोब लिहितो पण हा एक आकडा एकोणीस वर्षांत कधी लिहिला नव्हता.

आता पळवाटा. ह्यावर जरा जास्त लिहितो कारण भाव वाढला की माणूस सोडत नाही, पळवाट शोधतो, आणि मी जवळजवळ सगळ्या करून बघितल्यात.

पहिली साठा. ३१ डिसेंबरला नव्या टॅक्सचं नोटिफिकेशन निघालं आणि तो लागू व्हायच्या आधी महिना मिळाला. मी म्हणलं शहाणपणा करू, जुन्या भावात दहाची वीस पाकिटं घेतली आणि दुकानातल्या कपाटात जुन्या खतावण्यांच्या मागं ठेवली. दोनशे काड्या, आठच्या हिशोबानं पंचवीस दिवस जायला पाहिजे होत्या. सोळा दिवसात संपल्या. समोर माल पडलेला असला आणि टपरीपर्यंत चालायचंही नसलं की हात थांबतच नाही. वाचवायला गेलो आणि दिवसाला बारावर जाऊन बसलो, त्यामुळं साठा करायचा नाही, कुठल्याच भाववाढीला नाही.

दुसरी पळवाट छोटी काडी. टॅक्स लांबीवर आहे म्हणल्यावर आखूड स्वस्त पडणारच, पण शरीराला जेवढं निकोटिन सवयीचं आहे तेवढं ते काढून घेतंच, झुरके खोल जातात, पार फिल्टरपर्यंत ओढली जाते, आणि अर्ध्या तासात दुसरी लागते. दिवसाला आठची पाच केली तरी हेच होतं. कमी करणं वाईट नाही पण पाचवर थांबून "मी कमी केलीय" म्हणत वर्ष काढणारे लोक मला टपरीवर अजून दिसतात.

तिसरी सुट्टी सिगरेट. पाकीट परवडत नाही म्हणून एकेक घ्यायची. महाराष्ट्रात सुट्टी सिगरेट आणि बिडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि विकतात सगळीकडं हे तुम्हालाही माहिताय मलाही माहिताय. पण कायदा सोडा, हिशोब बघा. पाकिटावरची एमआरपी भागिले काड्या करा आणि टपरीवर एकीचे किती देता ते बघा, सुट्ट्यांच्या भानगडीत वरचा एक-दोन रुपया जातोच. आणि पाकिटावर ८५ टक्के जागेत जो फोटो आणि इशारा असतो तो सुट्टी घेताना दिसत नाही, उलट पैसे थोडे थोडे जातात म्हणून जाताना कळत पण नाहीत.

चौथी बिडी. त्याच १ फेब्रुवारीला बिडीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, सिगरेट वर आणि बिडी खाली. आमच्या यार्डातले हमाल म्हणले मालक या आमच्या पार्टीत. चार दिवस ओढली. बिडी सारखी विझते म्हणून सारखी ओढायला लागते, आणि त्यात टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त जातं. पानात गुंडाळलीय म्हणून नैसर्गिक असं काही नसतं.

पाचवी मावा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा. ही आपल्या भागातली सगळ्यात मोठी पळवाट. केंद्राच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे मोठे लोक ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले, म्हणजे आपल्याकडं धुरापेक्षा तोंडातलाच प्रश्न मोठा. सिगरेट सोडली म्हणून पेढे वाटणारा आमचा एक मित्र सहा महिन्यांनी गालात मावा धरून बोलत होता. एका खिशातनं काढून दुसऱ्यात ठेवलं ह्याला सोडणं म्हणत नाहीत.

आणि मग वेप. पोरं विचारतात, काका तुम्ही वेप का घेत नाही, त्यावर टॅक्स पण नाही. टॅक्स नाही कारण विकायलाच बंदी आहे बाबा. २०१९ च्या कायद्यानं ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं सगळं बंद, पहिल्या वेळेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखापर्यंत. साठा करून ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत किंवा ५० हजारापर्यंत किंवा दोन्ही. म्हणजे पुण्याहून कुणी चार डबे आणून कॉलेजच्या पोरांना विकत असेल तर तो बिझनेस नाही, गुन्हा आहे. माझ्या भाच्यानं एक दिलं होतं, आंब्याचा वास, मी दोन दिवस ओढलं आणि लक्षात आलं की ह्याला विझणंच नाही. सिगरेट संपते, पाच मिनिटं झाली की थोटूक टाकतो माणूस, हे दिवसभर हातात. आत निकोटिन किती आहे ते डब्यावर लिहिलेलं खरं की खोटं कुणाला विचारणार, बिल तर नाहीच.

बाहेर काय चाललंय तेही सांगतो, कारण "तिकडं तर चालतं" हे वाक्य टपरीवर रोज येतं. इंग्लंडात वेप चालतं, पण एकदा वापरून फेकायचं डिस्पोजेबल वेप १ जून २०२५ पासून तिथंही बंद झालं. आणि १ ऑक्टोबर २०२६ पासून वेपच्या लिक्विडवर ड्यूटी, १० मिलीला २ पौंड २० पेन्स, त्यावर २० टक्के व्हॅट धरला की २ पौंड ६४. त्याच दिवशी सिगरेटवर पण १०० काड्यांमागं २ पौंड २० वाढवायचं ठरलंय, म्हणजे वेप महाग झालं तरी सिगरेटपेक्षा स्वस्तच राहावं आणि लोक परत सिगरेटकडं वळू नयेत. मला हे डोकं आवडलं खरं सांगायचं तर. आपल्याकडं सिगरेटवर चाळीस, बिडीवर अठरा असं केलं की माणूस खाली घसरणार हे सांगायला अर्थमंत्री कशाला पाहिजे, आमचा हमाल सांगेल. उद्या आपल्याकडं वेपची बंदी उठवून टॅक्स लावला तरी काय होणार ते ह्यावरनं ओळखा, स्वस्त असेल तोवर सवय लागेल आणि मग भाव वाढेल. आत्ता त्या रांगेत जाऊन उभं राहायचं कारण नाही.

तर पळवाटा संपल्या, आता सोडायचं. एक तारीख धरा, वही संपल्यावर आठवड्याच्या आत. सोमवार नको, महिनाअखेर नको, लग्नसराईत तर अजिबात नको. मी गुरुवार धरला कारण गुरुवारी घरात उपासाचं वातावरण असतं. आदल्या रात्री पाकीट, लायटर, गाडीच्या डिकीतलं, जुन्या जॅकेटमधलं सगळं काढा. लायटर आयर्विन पुलावरनं कृष्णेत टाकायचा नाटकीपणा करू नका, नदीला आधीच काय कमी आहे.

पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात. निकोटिन उतरत असतं, चिडचिड, डोकं जड, झोप मोडते, भूक लागते. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक उतरतं. पण एकेक तलफ काही मिनिटांचीच असते हे धरून ठेवा, घड्याळ लावून बघा. तेवढी मिनिटं तोंड आणि हात दोन्ही कामाला लावायचे, आणि इथं सांगलीकरांना देवानं भडंग दिलंय. मी खिशात भडंगाची पुडी ठेवायचो, एकेक शेंगदाणा निवडून खायचा, पुडी संपेपर्यंत तलफ गेलेली असते. वजन दोन-तीन किलो वाढलं, वाढू दे.

चहाचं काय करायचं हा खरा प्रश्न. तीन काड्या चहाच्या होत्या, म्हणून मी पंधरा दिवस टपरीचा चहा बंद करून दुकानातच चहा मागवला, तोही उभ्यानं नाही, गादीवर बसून. जागा बदलली की हात जरा गोंधळतो. जेवल्यावरच्या काडीला बडीशेप आणि गल्लीला एक चक्कर.

ह्यावरही भागत नसेल तर मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, २ मिलीग्रॅमचं. हे बबलगमसारखं चघळत बसायचं नाही, तिथंच लोक चुकतात आणि उचकी लागली म्हणून टाकून देतात. हळूहळू चार-पाच वेळा चावायचं, जीभ झणझणली की गालात दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं, अर्धा तास असं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर लागू पडत नाही. उठल्या उठल्या अर्ध्या तासात पहिली पेटवणारे असाल, हृदयाचा त्रास असेल किंवा घरात कुणी गरोदर बाई सोडत असेल तर आधी डॉक्टरला विचारा. पाकिटावरच १८००-११-२३५६ नंबर छापलेला असतो, फुकट आहे. तो नंबर रोज हातात घेऊन फिरणाऱ्यांनी एकदा तरी लावावा, मी लावला, पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, पहिली किती वाजता ओढता एवढंच आधी विचारलं.

पैसे दिसले पाहिजेत. "वाचले" म्हणून वाचत नाहीत, दुसरीकडं उडतात. मी रोज संध्याकाळी सातला १६० रुपये बायकोच्या जीपेवर टाकतो. पहिल्या दिवशी तिनं फोन करून विचारलं "अहो, हे कशाचे?" मी म्हणलं दिल्लीचे. एकदा चालू केलं की बंद करता येत नाही, कारण ज्या दिवशी आले नाहीत त्या दिवशी प्रश्न येतो.

मित्रांना सांगायचं की नाही? टपरीवर जाहीर करू नका, पैजा लागतात आणि मुद्दाम पुढं धरतात. एकाच माणसाला सांगा, न ओढणाऱ्याला.

आणि घसरलात तर. मी घसरलो, एकोणिसाव्या दिवशी, मिरजेत लग्नाच्या मांडवामागं. एक ओढली. तेव्हा करायचं एवढंच, वहीत लिहायचं, वेळ, जागा, २० रुपये, आणि "आता मोडलंच आहे तर" म्हणून पाकीट घ्यायचं नाही. हातात असलेलं असेल तर नळाखाली धरायचं, कचऱ्यात टाकलेलं माणूस परत उचलतो, हा पण अनुभव आहे. तारीख नव्यानं मोजायची नाही, चालू ठेवायची. त्या संध्याकाळी मी जीपेवर १४० टाकले. बायकोनं काही विचारलं नाही, शर्ट मात्र वेगळा भिजत घातला.