पृथ्वीच्या गाभ्यातल्या दाबाला लोखंडाची रोधकता कशी मोजावी

भूपृष्ठाखाली २,८९० किलोमीटरवर गाभा सुरू होतो. तिथला दाब १३६ गिगापास्कल, तापमान ४,००० केल्विनच्या आसपास. या अवस्थेत लोखंड वीज किती सहज वाहू देते (त्याला होणारा अडथळा म्हणजे रोधकता), यावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि आतल्या घन गाभ्याचे वय यांचे गणित अवलंबून आहे. मोजणी हिऱ्यांच्या ऐरणीत, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणाऱ्या डायमंड अँव्हिल सेलमध्ये होते. मीटर चांगलाच लागतो, पण उत्तर बहुतेक वेळा बिघडते ते नमुन्याची जाडी आणि तापमानातली असमानता यांमुळे.

एवढ्या दाबासाठी हिऱ्याचे टोक सुमारे १०० मायक्रोमीटर रुंद आणि कडेने उतरते घासलेले हवे. गॅस्केट, म्हणजे दोन हिऱ्यांच्या मधली नमुना धरून ठेवणारी चकती, रेनियम धातूची घ्या आणि आधी दाबून २५–३० मायक्रोमीटरपर्यंत पातळ करा. रेनियम स्वतः वाहक आहे, त्यामुळे तारा त्याला टेकल्या की शॉर्ट होतात. म्हणून त्यावर घनाकार बोरॉन नायट्राइड आणि इपॉक्सीचा थर दाबून बसवा आणि नमुन्याची पोकळी त्यातच लेझरने कोरा.

नमुना ९९.९९ टक्के शुद्ध लोखंडाचा, ४–५ मायक्रोमीटर जाडीचा. आयन-शलाकेने त्याला चार हातांच्या क्रॉसचा आकार द्या. हात त्याच फॉइलचे राहू द्या. प्लॅटिनमच्या पट्ट्या बाहेर, थंड भागातच जोडा. दोन वेगळ्या धातूंचा सांधा गरम झाला तर अंशभर फरकानेही मायक्रोव्होल्टमध्ये खोटे विभवांतर उमटते, आणि आपला खरा संकेतही मायक्रोव्होल्टमध्येच असतो. क्रॉसच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनाचा थर हवा. तो नसेल तर लेझरची उष्णता हिरा शोषून घेतो आणि हिऱ्यातला कार्बन लोखंडात मुरतो. भरलेला सेल बंद करण्यापूर्वी १२० अंश सेल्सिअसवर काही तास वाळवा. ओल राहिली तर तापलेले लोखंड पाण्याशी अभिक्रिया करून ऑक्साइड आणि हायड्राइड बनवते. मग मोजले जाते ते शुद्ध लोखंड उरत नाही.

दोन शेजारच्या हातांतून १० मिलिअँपिअर प्रवाह सोडा, उरलेल्या दोन हातांवर विभवांतर मोजा. प्रवाह उलटा करून पुन्हा मोजा आणि दोन्ही वाचनांच्या फरकाचे अर्धे घ्या; सांध्यांचे खोटे विभवांतर असे गळून पडते. मग हातांची जोडी बदला. दोन्ही जोड्यांचे रोध जवळपास सारखे आले तर सूत्र सोपे आहे: रोधकता = ४.५३ × जाडी × रोध. खोलीच्या तापमानाला लोखंडाची रोधकता १० मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या जवळ असते. ५ मायक्रोमीटर जाडीला ४.४ मिलिओहम, म्हणजे ४४ मायक्रोव्होल्ट दिसायला हवेत. खूप जास्त दिसले तर क्रॉसला चीर गेली आहे का ते पाहा.

आता दाब हळूहळू वाढवा. १३ गिगापास्कलजवळ लोखंडाची स्फटिकरचना बदलते आणि रोध एकदम वर जातो; पुढे दाबाबरोबर तो उतरत जातो. ही उडी दिसलीच नाही तर पुढे जाऊ नका, नमुना किंवा जोडणी सदोष आहे. शंभर गिगापास्कलच्या वर दाब हिऱ्याच्या रामन रेषेवरून (हिऱ्यातून विखुरलेल्या लेझर-प्रकाशातली, दाबाबरोबर सरकणारी रेषा) काढा.

तापवताना १,०७० नॅनोमीटरचे लेझर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सोडा. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, चष्मा सक्तीचा. तप्त ठिपका क्रॉसचा मधला भाग पुरता झाकणारा हवा. ठिपका लहान असेल तर गरम आणि थंड लोखंडाचे मिश्र वाचन मिळते आणि रोधकता खऱ्यापेक्षा कमी भासते. ६०० ते ८०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशाला प्लँकचा वक्र (तापलेल्या वस्तूचा प्रकाश तापमानानुसार कसा असतो ते दाखवणारा) जुळवून दोन्ही बाजूंचे तापमान काढा. तापल्यावर दाबही वाढतो, तो वेगळा धरा.

प्रयोगानंतर नमुना बाहेर काढून त्याचा छेद घ्या आणि जाडी प्रत्यक्ष मोजा. दाबाखालची जाडी अवस्था-समीकरणाने, म्हणजे दाबाबरोबर आकारमान कसे बदलते ते सांगणाऱ्या सूत्राने, दुरुस्त करा. जाडीतली १० टक्के चूक रोधकतेत १० टक्केच उतरते, कितीही वेळा वाचन घेतले तरी.

उष्णतावाहकता हवी असेल तर धातूची वीज आणि उष्णता वाहण्याची क्षमता जोडणारा विडेमान-फ्रांझ नियम लावतात: २.४४ × १०⁻⁸ (नियमातला स्थिरांक) गुणिले तापमान, भागिले रोधकता. २०१६ मध्ये जपानी गटाने १४० गिगापास्कल आणि ३,७५० केल्विनला ४० मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या आसपास रोधकता मोजली. त्यावरून सुमारे २२६ वॅट प्रतिमीटर-केल्विन येते. त्याच वर्षी उष्णतेचा प्रवास थेट मोजणाऱ्या गटाला गाभ्यासाठी त्याच एककात १८ ते ४४ मिळाले. इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळत असतील तर नियमातला स्थिरांक घटतो, म्हणून निकालात रोधकता आधी लिहावी आणि उष्णतावाहकता कोणता स्थिरांक धरून काढली तेही सोबत द्यावे.