डायरेक्ट ओनरकडून फ्लॅट भाड्याने घेताय? मग ब्रोकरचं काम आता तुमचं

पुण्यात चार फ्लॅट बदलून झालेत माझे, त्यातले तीन डायरेक्ट ओनरकडून घेतलेले, त्यामुळे ओळखीत कोणाला घर बघायचं असलं की फोन मला येतो आणि मी दर वेळी तेच तेच सांगत बसतो, म्हणून आज एकदाच लिहून काढतोय.

ब्रोकर नसला की एका महिन्याचं भाडं वाचतं, मान्य. पण समोरचा माणूस खरंच मालक आहे का बघणं, सोसायटीच्या चेअरमनला गाठणं, ॲग्रीमेंटवाल्याला घरी बोलावणं, डिपॉझिट परत घेताना मध्ये पडणं, हे सगळं मग आपल्या गळ्यात येतं. (ब्रोकर तरी हे सगळं करतात असं नाही, पण तो विषय काढला तर रात्र पुरणार नाही.)

घर बघायला जायच्याही आधीची गोष्ट. फोटो एकदम चकाचक, भाडं आजूबाजूच्यापेक्षा पाच-सात हजारांनी कमी, मालक म्हणतो मी आर्मीत आहे, बदली झालीय, आत्ता येऊ शकत नाही, गेटपास काढायला पाच हजार टोकन पाठवा नाहीतर हा क्यूआर स्कॅन करा, असं काही आलं की फोन ठेवून द्या. हा फ्रॉड कितीतरी वर्षं चालू आहे आणि शिकलेसवरलेले लोक अजून फसतायत. आर्मीचं ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे तो माणूस आर्मीत असतो असं नाही, आणि पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, स्कॅन आपण पैसे द्यायला करतो. गेलेच पैसे तर लगेच १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. साधा नियम ठेवा, कुलूप उघडून आत पाय ठेवल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

आता मालक. इथे लोकांना फार संकोच वाटतो, काका एवढे चांगले बोलले, चहा दिला, आता कागद कसे मागायचे? मागायचे. ते आपलं आधार, पॅन, ऑफिसचं आयडी सगळं मागतातच ना. मी सरळ म्हणतो, काका ॲग्रीमेंटला लागेलच, इंडेक्स टू ची कॉपी पाठवता का. (इंडेक्स टू म्हणजे फ्लॅटचा खरेदी दस्त रजिस्टर झाल्याचा सरकारी उतारा.) खरा मालक दहा मिनिटांत पाठवतो, टाळाटाळ करणारा का टाळतोय ते आपण समजून घ्यायचं. इंडेक्स टू वर मालकाचं नाव, फ्लॅट नंबर, एरिया सगळं असतं, आणि आयजीआर महाराष्ट्रच्या, म्हणजे सरकारच्या नोंदणी खात्याच्या, साइटवर ई-सर्चमध्ये स्वतःही शोधता येतं, साइट कधीकधी रुसते तेवढं सोडा. सोबत लाइट बिल आणि मेंटेनन्सची पावती मागा. लाइट बिलावर बऱ्याचदा बिल्डरचं नाहीतर आधीच्या मालकाचं नाव असतं, नाव बदलायचा कंटाळा केलेला असतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका पण तेवढ्यावर विश्वासही ठेवू नका. आणि पुण्यात अजून एक गंमत आहे, सगळ्याच बिल्डिंगा सोसायटी नसतात, बऱ्याच ठिकाणी १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली अपार्टमेंट असते, म्हणजे कंडोमिनियम, तिथे सोसायटी सभासदाला देते तसं शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. तेव्हा मालक म्हणाला शेअर सर्टिफिकेट नाही, तर तो लगेच खोटारडा ठरत नाही.

इंडेक्स टू वर नवरा-बायको दोघांची नावं असली तर ॲग्रीमेंटवर दोघांच्या सह्या घ्या. घर वडिलांच्या नावावर आहे, वडील गेले, आता मुलगा भाड्याने देतोय, अशी केस असली तर भाऊ-बहिणी किती आहेत आणि त्यांना हे माहीत आहे का ते विचारा, वारसांच्या भांडणात तुमचं डिपॉझिट अडकतं. मालक परदेशात असला आणि इथे मेहुणा नाहीतर मित्र व्यवहार बघत असला तर पॉवर ऑफ ॲटर्नी बघायची, त्यात भाड्याने द्यायचा आणि ॲग्रीमेंट रजिस्टर करायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का ते वाचायचं, आणि मालकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलायचं. मालक एनआरआय असला तर टीडीएसची (आधीच कापायच्या इन्कम टॅक्सची) भानगड पण आहे, भाड्यातून टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते, भाडं कितीही कमी असलं तरी, आणि तो थोडाथोडका नाही, तीस टक्क्यांच्या वर जातो. हे आधी कोणी सांगत नाही, मालकही नाही. अशा घरात शिरण्याआधी सीएला फोन करा.

फ्लॅटवर लोन आहे का तेही विचारून घ्या. लोन असणं काही वाईट नाही, हप्ते थकलेले असणं वाईट, कारण बँकेने ताबा घेतला तर दारावर नोटीस लागते तेव्हा आत आपण असतो. कोणी हप्त्याचं स्टेटमेंट दाखवणार नाही, पण सोसायटीच्या नोटीस बोर्डवर थकबाकीदारांची यादी लावलेली असते, ती जाता जाता वाचा. मेंटेनन्स दोन-दोन वर्षं न भरणारा माणूस डिपॉझिट वेळेवर परत करेल का?

बोर्ड वाचताना वॉचमनशी दोन मिनिटं बोला. माझ्या मते अख्ख्या व्यवहारात सगळ्यात खरी माहिती वॉचमन आणि इस्त्रीवाला देतात. आधीचे लोक का गेले, पाणी किती वेळ येतं, टँकर मागवतात का, लिफ्ट किती वेळा बंद पडते, हे ओनर कधीच सांगणार नाही. वाघोली, हिंजवडी, उंड्री साइडला तर पाण्याचा प्रश्न पहिला विचारायचा, कारण उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये चढवतात आणि मग मालक म्हणतो एवढं एक्स्ट्रा तुम्ही भरा. नदीजवळची बिल्डिंग असली तर पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरतं का हेही विचारा. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं होतं, आणि अशा भागात ग्राउंड फ्लोअर स्वस्त मिळाला तर तो का स्वस्त आहे ते समजून जा.

आता घर. एकदा दिवसा बघा, एकदा रात्री आठ-नऊला बघा. रात्री कळतं शेजारी कसे आहेत, पार्किंगला जागा मिळते का, खाली हॉटेलचा एक्झॉस्ट कुठे तोंड करून आहे, डास किती. सगळे नळ एकदम सोडून बघा, फ्लश ओढा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातंय का दाराकडे येतंय ते बघा. गीझर चालू करून पाच मिनिटं थांबा. सोलरचं गरम पाणी आहे म्हणाले तर ते किती वाजेपर्यंत येतं ते विचारा, बऱ्याच बिल्डिंगमध्ये सकाळी नऊच्या आत संपतं आणि तुमची शिफ्ट दुपारची असली तर उपयोग शून्य. मोबाइलला रेंज बेडरूममध्ये येते का हॉलमध्येच, आणि बिल्डिंगमध्ये कुठलं इंटरनेट मिळतं, काही ठिकाणी एकाच केबलवाल्याला परवानगी असते आणि तो मग राजा.

सगळ्यात जास्त वेळ भिंतींना द्या. माझा दुसरा फ्लॅट मार्चमध्ये बघितला, नुकताच पांढराशुभ्र रंग मारलेला, आम्ही खूश, जुलैमध्ये बेडरूमची अख्खी भिंत ओली, कपाटातल्या साड्यांना बुरशी, आणि मालकाला फोटो पाठवले तर म्हणे पाऊस आहे त्याला मी काय करू. नंतर खालच्या आजींनी सांगितलं, अहो दर वर्षी असंच, म्हणून तर दर वर्षी रंग मारतो तो. तेव्हापासून मी कपाटं उघडून आतून भिंतीला हात लावतो, कपाटाच्या आत कोणी रंग मारत नाही. बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीच्या खालचा भाग, टॉप फ्लोअर असला तर सिलिंगचे कोपरे, तिथे फुगवटा, खपली नाहीतर पिवळट डाग दिसला की विचारायचं. फक्त एका भिंतीला नवा रंग असेल तर नक्कीच विचारायचं.

लाइटच्या मीटरची एक युक्ती सांगतो. खाली मीटर रूममध्ये आपल्या फ्लॅटचा मीटर बघा, मग घरातला मेन स्विच बंद करून पुन्हा बघा. मीटरचं रीडिंग अजून वाढतच असलं तर कोणाचं तरी कनेक्शन तुमच्यावर आहे. ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या साइटवर थकबाकीही बघा, नाहीतर मालकाची जुनी बाकी तुमच्या राहण्याच्या दिवसांत वसूल होते, म्हणजे लाइट कापली जाते. पाइप गॅस असला तर त्याचंही बिल असंच तपासा.

आता ॲग्रीमेंट, आणि इथे सगळ्यात जास्त थापा चालतात. "अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी करून टाकू", हे तुम्हाला शंभर टक्के ऐकायला मिळणार. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच आपला भाडेकरार, लेखी आणि रजिस्टर्डच लागतं, मुदत कितीही असो, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींवरून वाद झाला तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला धमकी म्हणून नाही, गप्पा मारता मारता सांगा, बहुतेकांना माहीतच नसतं.

खर्चही काही फार नाही. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. म्हणजे २४,००० भाडं, ७०,००० डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर ड्युटी सातशेच्या आसपास येते, त्यावर शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००, बाकी ॲग्रीमेंट करून देणाऱ्या एजंटची फी. एजंट घरी येऊन अंगठा घेऊन जातो, ऑफिसात जावं लागत नाही. ॲग्रीमेंटमध्ये भाडं कमी दाखवून बाकीचे कॅश द्या असं म्हणाले तर नाही म्हणा, कारण एचआरए (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची टॅक्स सूट) क्लेम करताना कागदावर जे आहे तेच धरलं जातं, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असलं तर मालकाचा पॅनही लागतो, तो आधीच घेऊन ठेवा.

ड्राफ्ट आधी मागवून पूर्ण वाचा, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन समोर बसल्यावर कोणी वाचत नाही. लॉक-इन (म्हणजे घर मध्येच सोडता न येणारी मुदत) किती, तो दोघांना लागू आहे का फक्त आपल्याला, नोटीस एक महिन्याची का दोन, मेंटेनन्स कोण भरणार, भाडं पुढच्या वर्षी किती टक्के वाढणार, पार्किंगचा नंबर काय, आणि गीझर नाहीतर पाइप बिघडला तर खर्च कोणाचा. सोसायटी भाडेकरू ठेवला म्हणून जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते ते मेंटेनन्समधल्या सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत, २००१ पासून सरकारचा आदेश आहे, आणि ते मालकाने भरायचे, हे लिहून घ्या. मुदत संपायच्या आधी रिन्यू करा, कारण मुदत संपून राहिलात तर कायद्यात दुप्पट भाड्याची तरतूद आहे, ओळखीवर "राहा हो, बघू नंतर" यात फसू नका.

डिपॉझिटवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. एका घरातून निघताना माझे पंधरा हजार पेंटिंगच्या नावाखाली कापले, ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ होती "घर पूर्ववत स्थितीत द्यावे", आणि पूर्ववत म्हणजे काय ते कोणीच लिहिलं नव्हतं. आता मी लिहून घेतो की रोजच्या वापराने होणारी झीज कापायची नाही, पेंटिंगचे कापायचेच असतील तर आकडा आत्ताच टाका, आणि चावी दिल्या दिवशी डिपॉझिट परत. मुंबईत अजून एक प्रकार असतो, हेवी डिपॉझिट, म्हणजे एकरकमी काही लाख द्यायचे आणि भाडं द्यायचंच नाही. ऐकायला भारी वाटतं, पण एकच फ्लॅट चार जणांना असा देऊन पैसे घेऊन पळालेले लोक आहेत, मी तरी त्या वाटेला जात नाही. डिपॉझिट, टोकन, भाडं सगळं बँकेतून, आणि इंडेक्स टू वर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात, मुलाच्या गूगल पे वर नाही.

भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांकडे द्यायची असते, ऑनलाइन होते, पण मालक विसरतात, म्हणून मागे लागून करून घ्या आणि त्याची कॉपी ठेवा, सोसायटी गेटवर सामानाचा टेम्पो अडवून तीच मागते.

चावी मिळेल त्या दिवशी सामान आत यायच्या आधी मोकळ्या घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, प्रत्येक ओरखडा, मीटरचं रीडिंग, पंखे आणि गीझर चालू करून, आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, खाली एवढंच लिहा, काका घर ताब्यात मिळालं, हे आजचं आहे. मग कुलूपवाल्याला बोलावून मेन दाराचं सिलिंडर बदला, जुनं जपून ठेवा आणि निघताना परत बसवा. मालकाला आधी सांगून बदला मात्र, आमचे एक काका यावरून आठवडाभर रुसले होते.