आयफोन सोडून अँड्रॉइड घेताय? आधी ग्रुपवाल्यांना गाठा

हे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय, कारण पुण्या-नाशकात कोणी फोन बदलला तर कोणाला पत्ताही लागत नाही, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. तिकडे एसेमेसला पैसे पडायचे, दिवाळीला नि ३१ डिसेंबरला पॅकसुद्धा चालायचे नाहीत, २०११ मध्ये ट्रायने (टेलिकॉम कंपन्यांवर नियम घालणारी सरकारी संस्था) दिवसाला १०० एसेमेसची मर्यादा घातली (मग २०० केली), त्यामुळे फुकटातलं व्हॉट्सअ‍ॅप मिळाल्यावर जनता तिकडेच गेली. इथे प्लॅनमध्येच अनलिमिटेड एसेमेस, आणि अ‍ॅपलने त्याच २०११ मध्ये आयमेसेज, म्हणजे अ‍ॅपलवाल्यांची आपसातली इंटरनेटवरची मेसेज सेवा, आणलं ते नेहमीच्या मेसेजच्या अ‍ॅपमध्येच, वेगळं काही डाउनलोड करायला नको. आयफोनवर आयफोनवाल्याशी बोलणं निळ्या फुग्यात दिसतं, बाकीच्यांशी हिरव्या.

आता एवढ्याशा रंगाचं काय मोठंसं, असं मलाही वाटायचं. पण हे सगळं नकळत झालेलं नाही हो. एपिक या गेम बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅपलवर केलेल्या खटल्यात २०२१ मध्ये जे ईमेल बाहेर आले त्यात अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिगींनी २०१३ लाच लिहिलेलं सापडलं की आयमेसेज अँड्रॉइडवर दिलं तर आयफोनवाल्या घरांना पोरांना अँड्रॉइड देण्यातली अडचणच उरणार नाही. तर तुम्हाला फोन बदलताना पोटात गोळा येतो त्यात तुमची चूक नाही.

पहिलं काम फोन घ्यायच्या आठवडाभर आधीचं. मेसेज उघडा आणि गेल्या महिन्याभरातले ग्रुप नुसते बघा. आपल्या मराठी मंडळाचं, माहेरचं, सासरचं बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर असतं, ते सोडून द्या. उरतात चार-पाच: सॉकरचा कारपूल, पोरीच्या मैत्रिणींच्या आया, ऑफिसमधला लंचचा ग्रुप असले. यांना आधीच सांगून टाका की माझा फोन बदलतोय, अमुक तारखेनंतर नवा ग्रुप करावा लागेल. कारण सगळे आयफोनवाले असलेल्या आयमेसेज ग्रुपमध्ये अँड्रॉइडवाल्याला नुसतं अ‍ॅड करता येत नाही, ग्रुप नव्याने काढावा लागतो, आणि ते काम त्यांच्यातल्याच एखाद्या उत्साही बाईला सांगा, तुम्ही केलात तर निम्म्या जणी जुन्याच ग्रुपवर बोलत बसतील. सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर या म्हणून मागे लागू नका. आमच्याकडच्या गोऱ्या आया अ‍ॅप टाकतात आणि परत उघडतच नाहीत.

दुसरं, आणि हे चुकलं की फार घोळ होतो: सिम काढायच्या आधी जुन्या फोनवर आयमेसेज बंद करा, सोबत फेसटाइमपण. आयओएस १८ मध्ये सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात मेसेजेस, तिथे बटण आहे. मी हे विसरले. दोन दिवस कारपूलचा एक मेसेज नाही, मला वाटलं बायका रुसल्या माझ्यावर, मीपण रुसून बसले, आणि त्यांचे मेसेज तिकडे बंद पडलेल्या आयफोनच्या नावाने जात होते. विसरलात तर अ‍ॅपलच्या साइटवर आयमेसेजमधून नंबर काढायचं पान आहे, नंबर टाकायचा, कोड येतो तो टाकायचा, झालं.

फोटो-व्हिडिओ फाटके येतात ही तक्रार आता बरीच कमी झालीये. २०२४ च्या आयओएस १८ पासून आयफोनवर आरसीएस, म्हणजे एसेमेसची नवी सुधारलेली पद्धत, आलं, त्यामुळे समोरच्याचा फोन अपडेट असेल, आरसीएस चालू असेल आणि दोघांच्या सिमच्या कंपन्या ते देत असतील तर व्हिडिओ स्वच्छ जातो, समोरचा टाइप करतोय तेही दिसतं. रंग मात्र हिरवाच. आमच्या जाऊबाईंनी फोन अपडेटच केला नव्हता आणि वर मलाच ऐकवत होत्या की तुझ्यामुळे ग्रुप बिघडला.

व्हॉट्सअ‍ॅपचं जुनं बोलणं, आईचे व्हॉइस मेसेज वगैरे, हवं असेल तर नवा फोन पहिल्यांदा सेटअप करतानाच दोन्ही फोन केबलने जोडा, क्यूआर कोड येईल तो स्कॅन करा, नंबर तोच ठेवा. आयक्लाउडचा बॅकअप अँड्रॉइडवर उघडत नाही, त्यामुळे नंतर करू म्हणू नका.

घरात तेरा-चौदा वर्षांचं पोर असेल तर त्याचा फोन तुमच्यासोबत बदलू नका, माझं स्पष्ट मत आहे. त्या वयात ग्रुपमधून बाहेर पडणं म्हणजे डब्याला एकटं बसणं. तरी बदलायचाच झाला तर जुना आयफोन नाहीतर आयपॅड घरात वायफायवर ठेवा, आयमेसेज ईमेलवर चालतं, फक्त त्यातल्या मेसेजेसच्या सेटिंगमध्ये फोन नंबरवरची खूण काढा. फेसटाइमसाठी मित्राने लिंक पाठवली की अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये उघडते.

आणि जुना फोन लगेच विकू नका, दोन-तीन आठवडे चार्ज करून ड्रॉवरमध्ये असू द्या, बँकेचं कोड देणारं अ‍ॅप त्याच्यावरच राहिलंय हे हमखास नंतर आठवतं.